बानू कोयाजी

डॉ. बानू जहांगीर कोयाजी (७ सप्टेंबर १९१७ – १५ जुलै २००४) या भारतीय स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, रुग्णालय प्रशासक आणि ग्रामीण आरोग्य चळवळीतील अग्रणी कार्यकर्त्या होत्या. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाची धुरा त्यांनी पाच दशकांहून अधिक काळ वाहिली. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे १९७२ साली त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते. शहरातील मोठ्या रुग्णालयाने आपले डॉक्टर, साधने आणि ज्ञान घेऊन खेड्यात जावे आणि तेथील माणसांनाच आरोग्यसेवेचे शिक्षण द्यावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला. १९९३ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बानू यांचा जन्म मुंबईत कापडिया आडनावाच्या पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील पेस्तनजी कापडिया हे स्थापत्य अभियंता होते. बानू यांचे बालपण पुण्यात आजीआजोबांच्या घरी गेले आणि त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयात प्रावीण्य मिळवले.

त्या काळात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांची संख्या मोजकीच होती. महाराष्ट्रात मात्र या परंपरेचा पाया आधीच्या पिढीने घातला होता. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळवली, तर रखमाबाई यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण पूर्ण करून १८९५ च्या सुमारास भारतात प्रत्यक्ष व्यवसायास आरंभ केला. पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास स्त्रिया तयार नसत. त्यामुळे स्त्री-डॉक्टर उपलब्ध असणे किंवा नसणे हा अनेकदा बाळंतिणीच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरे. बानू कोयाजी यांच्या कारकिर्दीचा आरंभही याच क्षेत्रात झाला.

अभियंता जहांगीर कोयाजी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या पुण्यात स्थायिक झाल्या. त्यांचे दीर डॉ. एदलजी कोयाजी हे पुण्यातील नामवंत डॉक्टर होते. बानू यांनी काही काळ त्यांच्यासोबत काम केले. रुग्णाची आर्थिक स्थिती न पाहता त्याच्यावर उपचार करण्याच्या त्यांच्या वृत्तीचा बानू यांच्यावर मोठा प्रभाव पडला.

के.ई.एम. रुग्णालय

पुण्यातील रास्ता पेठेत असलेले किंग एडवर्ड मेमोरियल म्हणजेच के.ई.एम. रुग्णालय १९१२ साली स्थापन झाले. मुंबईत परळ येथे याच नावाचे जे महापालिकेचे रुग्णालय आहे, त्याच्याशी या संस्थेचा संबंध नाही. पुण्याचे के.ई.एम. हे विश्वस्त संस्थेमार्फत चालवले जाणारे रुग्णालय आहे.

डॉ. एदलजी कोयाजी यांच्या आग्रहावरून बानू १९४४ मध्ये या रुग्णालयात रुजू झाल्या. तेव्हा ते सुमारे ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. मनुष्यबळ तुटपुंजे होते आणि प्रतिजैविके अद्याप सर्वत्र सहज मिळत नव्हती. अडलेली बाळंतपणे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय ही मातांच्या मृत्यूची प्रमुख कारणे होती. रुग्णालयातील नोकरी हा कोयाजी यांच्यासाठी पूर्णवेळचा ध्यास बनला. १९९९ पर्यंत, म्हणजे ५५ वर्षे, त्या या संस्थेशी प्रमुख या नात्याने निगडित राहिल्या.

त्यांच्या कारकिर्दीत रुग्णालयाचा विस्तार होत गेला. प्रसूती विभागाला बालरोग, शस्त्रक्रिया, औषधवैद्यक आणि इतर विशेष विभागांची जोड मिळाली. खाटांची संख्या ५०० च्या पुढे गेली. परिचारिकांचे प्रशिक्षण आणि डॉक्टरांचे पदव्युत्तर शिक्षण ही रुग्णालयाच्या कार्याची अंगे बनली. १९७२ मध्ये के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राची स्थापना झाली. उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली चालावीत आणि गरीब रुग्णाला त्यांचा लाभ मिळावा, अशी या विस्तारामागची भूमिका होती. विश्वस्त रुग्णालयाला शासकीय रुग्णालयाप्रमाणे सर्व खर्चासाठी अनुदान मिळत नाही. त्यामुळे देणग्या, शुल्क देऊ शकणाऱ्या रुग्णांचे उत्पन्न आणि प्रकल्पांसाठीचा निधी यांचा मेळ घालणे हे प्रशासकाचे मोठे कसब ठरते.

कुटुंबनियोजनाचा पुरस्कार

प्रसूतिगृहात काम करत असताना एकामागून एक बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया कोयाजी यांनी मोठ्या संख्येने पाहिल्या. दोन मुलांमध्ये पुरेसे अंतर नसेल, तर मातेचा रक्तक्षय भरून निघत नाही आणि पुढचे मूल कमी वजनाचे जन्मते. त्यामुळे कुटुंबनियोजनाकडे त्यांनी प्रथम स्त्रीच्या प्रकृतीचा प्रश्न म्हणून पाहिले. लोकसंख्येच्या आकड्यांचा विचार त्यानंतरचा होता.

महाराष्ट्रात या विषयाची जाहीर चर्चा रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२० च्या दशकात मुंबईत सुरू केली होती आणि त्यासाठी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. १९४९ मध्ये भारतीय कुटुंबनियोजन संघटनेची स्थापना झाली आणि १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. शासकीय पातळीवर असा कार्यक्रम राबवणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. कोयाजी या चळवळीच्या पुण्यातील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होत्या.

हा कार्यक्रम पुढे शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांभोवती फिरू लागला. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशाच्या अनेक भागांत नसबंदीची सक्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी खेड्यापाड्यांत अविश्वास पसरला. जन्मलेले मूल जगेल याची खात्री नसताना कुटुंब लहान ठेवण्याचा सल्ला आईबापांना पटत नाही, हे या काळात स्पष्ट झाले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये भारतात दर १,००० जिवंत जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. बालकांचे लसीकरण, मातेचे पोषण आणि सुरक्षित प्रसूती यांच्यासोबतच कुटुंबनियोजनाची सेवा दिली पाहिजे, हे सूत्र वढू येथील कार्याच्या मुळाशी होते.

वढू ग्रामीण आरोग्य प्रकल्प

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत असल्याने तेथे भरपूर पाऊस पडतो. पूर्वेकडील शिरूर, दौंड, बारामती आणि इंदापूर हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या काठचा आणि कालव्याखालचा भाग सोडल्यास येथील शेती दीर्घकाळ पावसाच्या भरवशावर होती. १९७२ च्या दुष्काळात राज्यातील अशा कोरडवाहू भागांना मोठी झळ पोहोचली आणि हजारो कुटुंबांना रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडून दिवस काढावे लागले.

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव भीमा नदीच्या परिसरात, पुण्याच्या ईशान्येस आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रभर परिचित आहे. पुण्यापासूनचे अंतर फार नसले, तरी रस्ते आणि वाहने अपुरी असलेल्या त्या काळात अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीतून पक्क्या रस्त्यापर्यंत आणणे आणि तेथून शहर गाठणे हा अनेक तासांचा प्रवास असे.

के.ई.एम. रुग्णालयात खेड्यांतून येणारे रुग्ण बहुधा आजार बळावल्यानंतरच दाखल होत. यांतील बरेच आजार गावातच टाळता आले असते किंवा वेळीच ओळखता आले असते. रुग्णालयात कितीही खाटा वाढवल्या, तरी हा ओघ थांबणार नाही, या जाणिवेतून कोयाजी यांनी रुग्णालयाचे काम त्याच्या भिंतींबाहेर नेण्याचा निर्णय घेतला. १९७२ मध्ये वढू येथे के.ई.एम.चे ग्रामीण आरोग्य केंद्र सुरू झाले. शासकीय आरोग्य यंत्रणा आणि विश्वस्त रुग्णालय यांनी एकत्र येऊन ग्रामीण भागाची जबाबदारी घेण्याचा महाराष्ट्रातील हा एक आरंभीचा प्रयोग होता.

आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण

केवळ डॉक्टर पाठवून गावाचे आरोग्य सुधारत नाही, हे पहिल्या काही वर्षांतच लक्षात आले. बाहेरून आलेला डॉक्टर केंद्रात बसून राही आणि ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज असे, अशा गर्भवती, तान्ह्या मुलांच्या माता आणि वृद्ध केंद्रापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून १९७७ पासून गावातीलच व्यक्तींना निवडून आरोग्यसेवक म्हणून शिकवण्यास प्रारंभ झाला. त्यांत स्त्रियांचा सहभाग निर्णायक ठरला. पुढील काळात अशा शेकडो आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले.

प्रशिक्षणात औपचारिक शिक्षणाची मोठी अट नव्हती. गावाचा विश्वास, घरोघरी जाण्याची तयारी आणि शिकण्याची इच्छा यांना महत्त्व होते. आरोग्यसेवकाच्या कामात पुढील बाबी येत:

• गर्भवतींची लवकर नोंद करणे आणि धोक्याची लक्षणे ओळखून त्यांना वेळेत रुग्णालयात पाठवणे
• बालकांचे लसीकरण पूर्ण होते की नाही, हे पाहणे
• जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी देण्यास आईला शिकवणे
• ताप, खोकला, किरकोळ जखमा यांवर प्राथमिक उपचार करणे
• पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, शौचालय आणि स्वच्छता यांविषयी जागृती करणे
• कुटुंबनियोजनाच्या साधनांची माहिती देणे
• गावातील जन्म, मृत्यू आणि आजारांची नोंद ठेवणे

या रचनेत तीन पातळ्या होत्या. गावात आरोग्यसेवक, वढू येथे ग्रामीण रुग्णालय आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी पुण्यातील के.ई.एम. रुग्णालय. खालच्या पातळीवर जे होऊ शकते, ते तेथेच व्हावे आणि जे होऊ शकत नाही, त्यासाठी वरची वाट मोकळी असावी, हे तिचे तत्त्व होते. आरोग्यसेविकेने पाठवलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात जागा मिळाली नाही, तर गावात त्या सेविकेचा शब्द पडतो. त्यामुळे पाठीशी सुसज्ज रुग्णालय असणे ही या प्रकल्पाची मोठी जमेची बाजू ठरली. वढू येथील रुग्णालय पुढे शिर्डी साईबाबा ग्रामीण रुग्णालय या नावाने ओळखले जाऊ लागले.

मुली आणि तरुण स्त्रियांसाठीचे कार्य

गर्भारपणात सुरू केलेले उपचार अनेकदा उशिरा ठरतात, कारण रक्तक्षय आणि कुपोषण यांची सुरुवात बालवयातच झालेली असते. लवकर होणारी लग्ने, अर्धवट सुटलेली शाळा आणि घरात सर्वांत शेवटी जेवण्याची रीत यांचा परिणाम मुलींच्या प्रकृतीवर होतो. हे ध्यानात घेऊन १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोयाजी यांनी खेड्यातील तरुण मुलींच्या आरोग्य व विकासासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. शरीरविज्ञान, प्रजनन आरोग्य, आहार, स्वच्छता आणि साक्षरता यांबरोबर उत्पन्न देणारी कौशल्ये मुलींना शिकवणे हा त्याचा उद्देश होता. आरोग्याचे शिक्षण आणि स्त्रीचे घरातील स्थान हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, ही भूमिका या उपक्रमातून पुढे आली.

समकालीन प्रयोग आणि धोरणावरील परिणाम

वढूचा प्रकल्प एकाकी नव्हता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७७ पासून गावपातळीवरील आरोग्यसेवकांची योजना देशभर राबवण्यास घेतली. १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा हा सर्वांसाठी आरोग्य साध्य करण्याचा मार्ग असल्याचे जाहीर केले.

दोन्ही प्रकल्पांची भिस्त गावातील स्त्रीवर होती, मात्र त्यांची जडणघडण भिन्न होती. जामखेडचे काम ग्रामीण भागातच उभे राहिले, तर वढूचे काम शहरातील प्रस्थापित रुग्णालयाने आपली शाखा खेड्यात रुजवून केले. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आसपासच्या काही गावांची जबाबदारी घेतली, तर उपलब्ध साधनांतूनच बरेच साध्य होऊ शकते, ही शक्यता वढूने दाखवून दिली. कोयाजी यांनी राज्य व केंद्र शासनाला आरोग्यविषयक सल्लागार म्हणूनही सहकार्य केले.

ग्रामीण आरोग्यसेवकांच्या संकल्पनेवर टीकाही झाली. अत्यल्प मानधनावर स्त्रियांकडून मोठे काम करून घेतले जाते, असा एक आक्षेप होता. चांगल्या व्यवस्थापनाखाली लहान क्षेत्रात यशस्वी झालेला प्रकल्प राज्यभर नेताना त्याचा गाभा हरवतो, असा दुसरा आक्षेप होता. १९७७ च्या राष्ट्रीय योजनेत बहुसंख्य पुरुषांची निवड झाली आणि प्रशिक्षणानंतरचा पाठपुरावा अपुरा पडला, त्यामुळे ती कालांतराने क्षीण झाली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावातीलच स्त्रीला ‘आशा’ कार्यकर्ती म्हणून नेमण्याचे ठरले, तेव्हा जामखेड, वढू यांसारख्या आधीच्या प्रयोगांचा अनुभव देशापुढे होता. मानधनाचा प्रश्न मात्र आशा कार्यकर्त्यांच्या आंदोलनांतून आजही पुढे येतो.

सकाळ वृत्तपत्राशी संबंध

नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘सकाळ’ या दैनिकाशी कोयाजी यांचा दीर्घकाळ संबंध होता. त्या वृत्तपत्र संस्थेच्या संचालक मंडळावर होत्या. परुळेकर यांचे १९७३ मध्ये निधन झाल्यानंतर संस्थेचा कारभार सांभाळणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात रुग्णालयाबाहेरही त्यांना मानाचे स्थान होते.

पुरस्कार आणि सन्मान

• पद्मभूषण, १९८९
• रॅमन मॅगसेसे पुरस्कार (लोकसेवा), १९९३
• पुण्यभूषण पुरस्कार

आधुनिक शहरी रुग्णालयाची साधनसामग्री महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी कामी आणल्याबद्दल मॅगसेसे प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला.

निधन आणि वारसा

कोयाजी यांचे १५ जुलै २००४ रोजी पुणे येथे निधन झाले.

त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या संशोधन व्यवस्थेतून पुढे महत्त्वाचे अभ्यास झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील ६ गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास केला. या भागातील नवजात बालके वजनाने सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे युरोपीय बालकांपेक्षा बरीच लहान असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असते, असे त्यातून दिसले. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांच्या बाळांची वाढ चांगली असल्याचेही आढळले. भारतीयांमध्ये मधुमेह लवकर का उद्भवतो, या प्रश्नाच्या अभ्यासात या निष्कर्षांना जगभर स्थान मिळाले.

ऑगस्ट २००२ मध्ये वढू येथे आरोग्य व लोकसंख्या सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांतील लाखाहून अधिक लोकांचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ती ठेवते. सणसवाडी, कोरेगाव भीमा या भागांत कारखाने आल्यामुळे येथील शेतकरी वस्तीचे रूप झपाट्याने पालटले. परप्रांतीय कामगारांची वस्ती वाढली आणि मधुमेह व उच्च रक्तदाब यांसारखे विकार खेड्यांतही दिसू लागले. हे स्थित्यंतर आकड्यांत पकडण्यास ही नोंद उपयोगी पडते.

भारतात विकसित झालेल्या ‘रोटाव्हॅक’ या लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीसाठी दिल्ली, वेल्लोर आणि वढू ही तीन ठिकाणे निवडण्यात आली होती. रोटाविषाणूमुळे होणाऱ्या तीव्र अतिसारापासून बालकांचे रक्षण करणाऱ्या या लसीच्या चाचणीत एकूण ६,७९९ बालकांचा समावेश होता आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ पासून ही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली. घरोघरी जाऊन बालकांचा पाठपुरावा करणारी माणसे आणि गावकऱ्यांचा आरोग्य केंद्रावरील विश्वास यांवाचून अशी चाचणी पार पडत नाही. वढूच्या परिसरात हे दोन्ही उभे राहण्यास १९७२ पासूनची तीन दशके लागली होती.